आधी एक संगणक नीट करा



आज कर्जाचा हप्ता नाही, शेळीपालन नाही, पापड-मसालाही नाही. आज शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबबद्दल बोलायचं आहे. शाळेत नवे संगणक येतात. ते नुसते टेबलावर मांडून चालत नाहीत, त्यांच्यात सगळी यंत्रणा भरावी लागते. ती एकेका संगणकात वेगवेगळी भरत बसण्यापेक्षा एकच संगणक नीट तयार करायचा आणि त्याची प्रत बाकीच्या सगळ्यांत उतरवायची, अशी एक पद्धत आहे. ही प्रत कशी करतात, करताना काय बघायचं आणि झाल्यावर ती कुणाच्या ताब्यात ठेवायची, ते आज सांगतो.

तुम्ही म्हणाल, हे सरांचं आणि मॅडमचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असतात. म्हणजे गावोगावी आपल्याच गटातल्या बायका त्या समितीवर आहेत. ठरावावर सही करायला बोलावतात तेव्हा आपण जातो. मग त्या ठरावात 'संगणक दुरुस्ती व इन्स्टॉलेशन' असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थही आपल्याला कळायला हवा. पैसे त्याच ओळीतून जातात.

आमच्या गावच्या शाळेत पूर्वी आठ जुने संगणक होते. आठांची आठ तऱ्हा. एकात मराठी टाइप व्हायचं, दुसऱ्यात चौकोन उमटायचे. एकात चित्र काढायचा प्रोग्राम, तर दुसऱ्यात नाही. मॅडमनी वर्गात सांगायचं, "आता वरच्या कोपऱ्यात बघा," आणि निम्म्या मुलींच्या वरच्या कोपऱ्यात काहीच नसायचं. त्यात कुणीतरी बाहेरचा पेनड्राइव्ह लावला, व्हायरस शिरला आणि पाच संगणक बंद पडले. तालुक्याहून माणूस यायचा. तो एकेक संगणक पुसून पुन्हा सगळं भरायचा, दर संगणकामागे पैसे घ्यायचा आणि एका दिवसात दोन-तीनच व्हायचे. उरलेल्यांसाठी 'पुढच्या आठवड्यात येतो'. असे पुढचे आठवडे मोजत लॅबला कुलूप राहायचं. ज्या घरात स्मार्टफोन आहे त्या घरातल्या मुलाचं फार अडत नव्हतं. ज्या मुलींचा संगणकाशी संबंध फक्त शाळेत येतो, त्यांचं पूर्ण सत्र गेलं.

नंतर एका देणगीतून बारा नवे संगणक मिळाले. टेबलं आणि बॅटरीवर चालणारा यूपीएस यांसाठी ग्रामसंघाने पैसे घातले. संगणक चांगले होते, पण कोरे. कोरे म्हणजे आत विंडोज नाही, काहीच नाही. चालू केले की काळा पडदा आणि इंग्रजीत दोन ओळी. किंमत कमी ठेवायला असे संगणक बरेचदा देतात. तालुक्यातल्या माणसाने बारा संगणकांचे बारा वेळचे पैसे सांगितले. समितीच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, की एकदाच करून बाराही ठिकाणी उतरवता येतं. तिथून आम्ही या कामात पडलो.

आधी हिशेब ऐका. एका संगणकात मुख्य यंत्रणा भरायची, तिच्या सुधारणा उतरवायच्या, मराठीचा कळफलक लावायचा, लिहिण्याचे आणि आकडेमोडीचे प्रोग्राम, प्रिंटर, मुलांची खाती, पाठ्यपुस्तकं. घाई न करता केलं तर तीन तास कुठेच गेले नाहीत. बारा संगणक म्हणजे छत्तीस तास. शिवाय माणूस दमतो. सातव्या-आठव्या संगणकाला काहीतरी राहून जातं, आणि बारा संगणक पुन्हा बारा तऱ्हांचे होतात.

आता ज्या गटांनी शाळेचे गणवेश शिवले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. आपण प्रत्येक शर्टाला नव्याने माप घेऊन खडू मारत नाही. एका मापाचं पेपर कटिंग करतो, ते कापडावर ठेवतो आणि कापत जातो. संगणकातही तसंच. एका संगणकाच्या डिस्कवर जे जे आहे, ते सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून ठेवायचं. त्या फाइलला म्हणतात डिस्क इमेज. आमच्या अक्कांनी विचारलं, "अगं पोरी, फोटो काढून कधी संगणक चालतो का?" इमेज म्हटलं की फोटोच डोळ्यापुढे येतो, पण हा फोटो नाही. संगणक सुरू कसा व्हावा इथपासून भिंतीवरचं चित्र कोणतं इथपर्यंत सगळं त्यात असतं. म्हणून आम्ही तिला आपल्या भाषेत 'मूळ प्रत' म्हणतो, आणि आजही तेच म्हणणार आहोत.

मूळ प्रत काढायला एक प्रोग्राम लागतो. आम्ही क्लोनझिला वापरला. तो तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेला आहे, फुकट आहे आणि कायदेशीरपणे कुणीही वापरू शकतं. तो पेनड्राइव्हवर ठेवतात आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करतात. त्यात सोय अशी, की डिस्कवर जेवढा भाग खरोखर भरलेला आहे तेवढाच तो उचलतो आणि दाबून लहान करून ठेवतो. मोठ्या डिस्कची प्रत म्हणून मोठी पेटी लागत नाही. आमची मूळ प्रत सोळा जीबीच्या आतच बसली.

पण प्रत काढण्याआधी, आत कोणती यंत्रणा भरायची हे ठरवावं लागलं. विंडोज की लिनक्स? बैठकीत यावर सगळ्यात जास्त आवाज झाला. "एमएस-सीआयटी विंडोजवर असतं, नोकरीत विंडोज असतं, मग आमच्या पोरींना दुसरंच कशाला शिकवता?" असं पालकांचं म्हणणं, आणि ते काही चूक नाही. दुसरी बाजू अशी. एका संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या एकाच संगणकापुरता असतो. प्रत बारा ठिकाणी उतरवली म्हणून परवाने बारा होत नाहीत. आमच्या संगणकांबरोबर तर एकही नव्हता. कुणी म्हणेल, "मी फुकटात टाकून देतो, सगळे असंच करतात." तसं करू देऊ नका. एक तर ते बेकायदेशीर, आणि दुसरं म्हणजे कुलूप तोडून आणलेल्या त्या विंडोजबरोबर व्हायरस आयता घरात येतो. बिलावर सही समितीच्या महिला सभासदाची असते, हेही लक्षात ठेवा.

लिनक्सला परवान्याचे पैसे नाहीत आणि ती कितीही संगणकांवर उतरवायला मोकळीक आहे. केरळमध्ये शासनाने 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ साली सुरू केला, त्याचंच पुढे 'काइट' झालं. तिथे शाळांसाठी लिनक्सची एकच खास मांडणी तयार करतात, त्यात अभ्यासाचे प्रोग्राम आधीच घातलेले असतात, आणि तीच राज्यभर शाळांना देतात. आपण बारा संगणकांसाठी करायला निघालो होतो, ते एक अख्खं राज्य करतंय हे कळल्यावर पालकांचा विरोध जरा नरमला. शेवटी मॅडमनी एका पालकाला समोर बसवून लिनक्सवर अर्ज लिहायला लावला आणि आकड्यांची बेरीज करायला लावली. तो म्हणाला, "बटणं थोडी इकडेतिकडे आहेत, बाकी तेच." आम्ही उबुंटू नावाची लिनक्स घेतली, तीही ज्या आवृत्तीला पाच वर्षं सुधारणा मिळत राहतात ती. मुख्याध्यापक सरांच्या कार्यालयातला विंडोजचा संगणक तसाच ठेवला, कारण काही शासकीय कामं तिथे बसलेली आहेत.

आता खरं काम. ज्या एका संगणकावरून प्रत काढायची, तो संगणक तयार करणं. यात घाई करू नका. पेपर कटिंगमध्ये काखेला अर्धा इंच कमी पडला, तर सगळेच शर्ट काखेत काचणार.

मराठीचं पहिलं बघा. टाइप करायची सोय युनिकोडमध्ये हवी. पूर्वीच्या काही फॉन्टांत लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर नेलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची, ते युनिकोडमध्ये होत नाही. आम्ही मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लावला आणि भाषा बदलायचं चिन्ह पडद्यावर दिसेल असं ठेवलं. लिहायला-हिशेबाला लिबर ऑफिस, त्याच्या सूचनाही मराठीत करता येतात. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून ई-बालभारतीवरून सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं उतरवून ठेवली. मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो, त्यासाठी किविक्स नावाचा प्रोग्राम आहे, तोही घातला. मुली सगळ्यात जास्त काय उघडतात म्हणाल तर तेच. कुणी आपल्या जिल्ह्याचं पान वाचतं, कुणी वाघाचं.

खाती दोन ठेवली. एक मुलांचं, त्यातून लिहिता-वाचता येतं पण यंत्रणेत बदल करता येत नाही. दुसरं मॅडमचं, त्याला पासवर्ड.

आणि आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण यासाठीच आम्ही रेडिओवर यायचं ठरवलं. मूळ प्रतीत चांगलं उतरतं, तसं नको तेही उतरतं. एका शाळेत बाहेरच्या माणसाने लॅब तयार करून दिली. त्याने आपल्या रोजच्या वापरातल्या संगणकावरूनच प्रत काढली होती. त्या संगणकावर कुणाचं तरी ईमेल उघडं राहिलेलं होतं. झालं, लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर तेच ईमेल उघडायला लागलं. पोरांनी आठवडाभर मजा म्हणून वाचलं. ते कुणा व्यापाऱ्याचं होतं म्हणून हसण्यावारी गेलं.

आपल्या गावात काय होईल याचा विचार करा. शाळेचा संगणक नुसता मुलांपुरता राहत नाही. संध्याकाळी कॉलेजच्या मुली महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येतात. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज भरताना गावोगावी आधारकार्ड आणि बँकेचं पासबुक स्कॅन करण्याची रांग लागली होती. जिथे संगणक दिसेल तिथे बायका बसल्या. ते स्कॅन गेले कुठे? बहुतेक वेळा त्याच संगणकाच्या डाउनलोड्समध्ये पडून राहिले. अशा संगणकावरून कुणी मूळ प्रत काढली, तर एका बाईचं आधार आणि पासबुक बारा संगणकांत जातं. आणि प्रत दुसऱ्या शाळेला दिली की तिथेही. ते कुठे कुठे गेलं याचा माग त्या बाईला कधीच लागणार नाही.

म्हणून आमचा नियम साधा आहे. मूळ प्रत नेहमी कोऱ्या संगणकावरून काढायची, जिथे कुणीही अर्ज भरलेला नाही, कुणी ईमेल उघडलेलं नाही, ब्राउझरने एकही पासवर्ड साठवलेला नाही. वाय-फायचा पासवर्डसुद्धा आत ठेवायचा नाही. प्रत काढण्याआधी आमच्या दोघीजणी समोर बसून प्रत्येक कप्पा उघडून बघतात. डाउनलोड्स, चित्रं, कचरापेटी, ब्राउझरचा इतिहास. त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण घरातला कोपरा झाडला की नाही हे त्यांना कळतं.

आता प्रत काढायची रीत. बाहेरून लावायची एक हार्डडिस्क घेतली. तिच्यावर दुसरं काहीही ठेवायचं नाही, गटाचे हिशेब नाहीत आणि लग्नाचे फोटोही नाहीत. कारण क्लोनझिला दोन उलट कामं करतो. 'सेव्हडिस्क' म्हणजे संगणकातून प्रत काढणं आणि 'रिस्टोअरडिस्क' म्हणजे प्रत संगणकात उतरवणं. उतरवताना समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, काहीच शिल्लक राहत नाही. कुठून कुठे हे उलटं झालं किंवा भलतीच डिस्क निवडली, तर गेलेलं परत आणणं फार अवघड. पडद्यावर डिस्कची नावं इंग्रजी अक्षरांत येतात, पण शेजारी तिचा आकार आणि कंपनी लिहिलेली असते. ती वाचायची. क्लोनझिला पुसण्याआधी दोनदा विचारतो. आमच्याकडे पहिल्या वेळी एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्या वेळी दुसरीने, मगच बटण. गटाच्या पेटीला दोन किल्ल्या असतात ना, तसं.

आकाराचं आणखी एक. ज्या डिस्कवरून प्रत काढली, तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या डिस्कवरच ती सरळ उतरते. आमच्या बारापैकी नऊ संगणकांत २५६ जीबीची डिस्क होती आणि तिघांत २४० जीबीची. बघायला फरक किरकोळ. पण २५६ ची प्रत २४० वर बसली नसती. मॅडमनी खोक्यांवरची लेबलं आधीच वाचून ठेवली होती, म्हणून मूळ संगणक २४० वाल्यांतला निवडला. तुमच्याकडेही निरनिराळ्या खेपेचे संगणक असतील तर सगळ्यात लहान डिस्कचा संगणक मूळ म्हणून घ्या. आणि संगणक जुने-नवे मिसळलेले असतील तर जाणकाराला विचारा, की सगळे सुरू व्हायची पद्धत एकच आहे ना. नव्यात युईएफआय आणि फार जुन्यात बायोस असते, आणि एकीची प्रत दुसरीवर उतरली तरी संगणक सुरू होईलच असं नाही.

प्रत निघाली की क्लोनझिलाला ती तपासायला सांगता येतं. वेळ लागतो, पण तपासून घ्यायचीच. आम्ही ती आधी फक्त एका संगणकात उतरवली आणि आठ दिवस तो मुलांना वापरायला दिला. मुलांएवढं कडक परीक्षण कुणी करत नाही. पहिल्याच दिवशी एका चौथीतल्या मुलीने खालची पट्टी पडद्याच्या बाजूला नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी कळलं की हेडफोन लावला की आवाज येतो, पण स्पीकरला येत नाही. प्रिंटर एका पानाऐवजी परदेशी मापाचं पान धरत होता. हे सगळं मूळ संगणकावर दुरुस्त केलं आणि नवी प्रत काढली. अकरा संगणकांवर उतरवून झाल्यावर हे कळलं असतं, तर अकरा ठिकाणी तेच काम करत बसावं लागलं असतं.

उरलेल्या संगणकांचं काम एका सुट्टीच्या दिवशी उरकलं. मूळ प्रतीची दुसरी एक डिस्क करून घेतली होती, त्यामुळे एका वेळी दोन संगणक चालले. एकाला साधारण वीस मिनिटं. संगणकाला निळ्या रंगाची यूएसबीची खाच असेल तर डिस्क तिथे लावा, ती बहुधा वेगाची असते. काळ्या खाचेत तेच काम दुप्पट-तिप्पट वेळ खातं. पेनड्राइव्हवरून सुरू करायला कोणतं बटण दाबायचं हे कंपनीप्रमाणे बदलतं. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. आम्ही ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आहे.

मध्येच वीज गेली. एका टेबलाची वायर यूपीएसला नव्हती, तो संगणक निम्म्यात बंद पडला. बायका घाबरल्या. पण उतरवताना मूळ प्रत फक्त वाचली जाते, तिला धक्का लागत नाही. अर्धवट राहिलेला संगणक पुन्हा पहिल्यापासून केला, एवढंच.

प्रत उतरली म्हणजे काम संपलं असं नाही. सगळे संगणक जुळे झालेले असतात, नावही एकच. शाळेच्या पटावर बारा मुलींचं नाव एकच असलं तर हजेरी कशी घ्यायची? म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं आणि तेच नाव पेटीवर रंगाने लिहायचं. लिनक्समध्ये याशिवाय आत एक ओळख क्रमांक असतो. तो सगळ्यांचा सारखा राहिला तर एकाच वायफायवर दोन संगणकांना एकच पत्ता मिळू शकतो आणि दोघांचं इंटरनेट अडखळतं. प्रत काढण्याआधी मूळ संगणकावरचा तो क्रमांक पुसून ठेवायचा, म्हणजे प्रत्येक संगणक पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा तयार करतो. विंडोज असेल तर याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचाच सिसप्रेप नावाचा प्रोग्राम आहे. माणूस बाहेरचा आणला तर त्याला एवढंच विचारा, "सिसप्रेप केलंत का?" आपल्याला ते करता आलं नाही तरी चालेल. विचारणारं कुणीतरी आहे हे कळलं की माणूस काम नीट करतो.

मोठ्या शाळांत तीस-चाळीस संगणक तारेने जोडलेले असतात. तिथे एका संगणकावरून सगळ्यांना एकाच वेळी प्रत पाठवता येते. क्लोनझिलात ती सोय आहे, फॉग नावाचा दुसराही फुकट प्रोग्राम आहे. आमच्या लॅबमध्ये तारा नाहीत, बारा संगणकांसाठी त्या घालायचा खर्चही पटला नाही.

आता फायदा काय झाला ते सांगतो. एखादा संगणक बिघडला, म्हणजे यंत्र शाबूत आहे पण आतलं बिघडलं, तर आमच्या गटातल्या दोघी जातात आणि तो अर्ध्या तासात पहिल्यासारखा करून देतात. एक बारावी झालेली आहे, दुसरी दहावी. पहिल्या वेळी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, आता लागत नाहीत. समितीने ठराव करून त्यांना दर खेपेचं मानधन ठरवलं आहे. तालुक्याला जात होते त्याच्या चौथ्या हिश्शात, आणि पैसा गावात राहतो. दहावी झालेल्या आमच्या वहिनींना सासूबाईंनी आधी विचारलं होतं, "शाळेत जाऊन तू काय करणार?" आता त्याच नातवाला सांगतात, "तुझ्या लॅबचं यंत्र बिघडलं की तुझ्या आईला बोलावतात."

एक धोका मात्र कायम राहतो आणि तो मुलांच्या कामाचा आहे. प्रत पुन्हा उतरवली की त्या संगणकावर मुलांनी लिहिलेलं, काढलेलं सगळं जातं. सातवीच्या मुलींनी गावातल्या विहिरींची माहिती गोळा करून तक्ता केला होता. संगणक अडकला म्हणून कुणी न विचारता तो पुसला असता तर दोन महिन्यांचं काम गेलं असतं. म्हणून दर शनिवारी मॅडम मुलांच्या फाइली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवतात आणि आमच्या दोघी काम सुरू करण्याआधी मॅडमची सही घेतात. सहीशिवाय पुसायचं नाही, संगणक पूर्ण बंद असला तरी नाही.

तुमच्या शाळेत बाहेरच्या माणसाकडून लॅब करून घेणार असाल, तर हरकत नाही. सगळ्यांनी आमच्यासारखं करावं असं आमचं म्हणणं नाही. पण पैसे देण्याआधी मूळ प्रत डिस्कवर मागून घ्या आणि मॅडमच्या खात्याचा पासवर्ड लेखी घ्या. "ती माझ्याकडे राहील, लागली की मी येतो," असं म्हणणाऱ्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. प्रत कोणत्या संगणकावरून काढली तेही विचारा. आणि ती तुमच्यासमोर एका संगणकात उतरवून दाखवायला सांगा. नुसती डिस्क हातात पडली म्हणजे प्रत चालतेच असं नाही.

आमच्याकडे मूळ प्रतीच्या दोन डिस्क आहेत. एक शाळेच्या कपाटात, दुसरी ग्रामसंघाच्या पेटीत, शाळेत चोरी झाली किंवा पाणी शिरलं तर असावी म्हणून. डिस्कवर तारीख चिकटवलेली असते. शेजारी एक वही, तिच्यात कोणता संगणक कधी पुसला, कुणी पुसला, कशासाठी. प्रत जुनी झाली की तिच्यातल्या सुधारणाही जुन्या होतात, म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, मूळ संगणक ताजा करून नवी प्रत काढतो. येत्या मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते काम आहे. ज्या गटांना बघायचं असेल त्यांनी शाळेत यावं, मात्र सकाळी आठलाच या, दुपारी आमच्याकडे वीज नसते. येताना आपल्या शाळेतल्या संगणकांच्या डिस्क किती जीबीच्या आहेत ते खोक्यावरून लिहून आणा.